वाचकांचे प्रश्न : थकलेल्या अध्यायांचे काय करावे?

नवे वर्ष सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हटकून असतो, तो म्हणजे रोजचे बायबलवाचन. जानेवारीतील पत्रे उत्साहाची असतात. कोणता वाचनतक्ता घ्यावा, कोणती प्रत विकत आणावी, अशी विचारणा त्यांत असते. मार्चमधील पत्रे मात्र खालच्या आवाजात लिहिल्यासारखी वाटतात. त्यांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. नेहमीप्रमाणे नावे गाळली असून मजकूर थोडा आटोपता केला आहे.

प्रश्न : मी मिरजेत परिचारिका म्हणून काम करते. सलग तीन वर्षे मी १ जानेवारीला 'एका वर्षात संपूर्ण बायबल' वाचायला सुरुवात केली. 'उत्पत्ती' हे पहिले पुस्तक आनंदाने वाचून होते, पुढच्या 'निर्गमा'चा निम्मा भागही होतो. पुढे निवासमंडपाच्या, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, कड्या आणि पडदे यांची मापे लागली की गती मंदावते, आणि 'लेवीय' हे तिसरे पुस्तक आले की एखाद्या रात्रपाळीनंतर वाचन राहूनच जाते. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी थकलेले धरून सहा अध्याय, आठवडा चुकला की वीस-बावीस. या वर्षी थकलेल्या अध्यायांची संख्या ऐंशीच्या वर गेली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आता ते उघडण्याचीच लाज वाटते. रोजचे वाचन चुकणे हे पाप आहे काय? आणि पाळ्यांत काम करणाऱ्या बाईने ही सवय कशी टिकवावी?

उत्तर : भगिनी, सलाम. आपल्या पत्रात 'थकलेले' हा शब्द दोनदा आला आहे आणि मी त्याच्यापाशीच थांबलो. हा शब्द पतपेढीच्या वहीतला आहे. हप्ता थकतो, घरपट्टी थकते, आणि जे थकते त्यावर व्याज चढत जाते; म्हणूनच कर्जदार माणूस सावकाराच्या दारावरून जाण्याचे टाळतो. आपण बायबल उघडण्याचे टाळता तेही याच कारणाने, असे मला वाटते. देवाच्या वचनाचा आपल्याला कंटाळा आलेला नाही. आपण त्याच्या कर्जदार होऊन बसला आहात, आणि हे कर्ज देवाने दिलेले नसून वाचनतक्त्याने आपल्या नावावर मांडलेले आहे.

आपण निर्गम तीन वेळा हाती घेतले, म्हणजे त्याचा सोळावा अध्यायही तीनदा आपल्या नजरेखालून गेला आहे. रानात इस्राएल लोकांना मान्ना (देवाने पाठवलेले रोजचे अन्न) मिळू लागला तेव्हा माणशी एक ओमर, म्हणजे त्या दिवसाला पुरेल इतकाच गोळा करावा, असे त्यांना सांगितले होते. काहींनी तो सकाळपर्यंत ठेवून पाहिला, तर त्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती, आणि तो साठा मात्र नासला नाही. कालचा घ्यायचा राहिलेला मान्ना आज भरून काढावा, अशी आज्ञा त्या अध्यायात कोठेही नाही. आपल्याकडे दुधाचा रतीब असतो त्याचाही व्यवहार असाच चालतो. गवळी दोन दिवस आला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी कोणी तिप्पट दूध घेऊन ते एका बैठकीत पिऊन टाकत नाही. त्या दिवसाचे अर्धा लिटर घेतले जाते आणि खाडे महिनाअखेरीच्या हिशेबात वजा होतात. वाचनातले खाडेही असेच वजा करावेत. ऐंशी अध्याय राहिले असतील तर ते राहू द्यावेत आणि आजचे जे पान असेल ते आज वाचावे.

आता पापाविषयी. जो नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो त्याला पहिले स्तोत्र धन्य म्हणते; राजाने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी करून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी, असे 'अनुवाद' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे; आणि बिरुया येथील लोक पौलाचे बोलणे पडताळून पाहण्यासाठी रोज शास्त्रात शोध करत असत, याची नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आदराने घेतलेली आहे. तेव्हा रोजच्या वाचनाला शास्त्राचा आधार निश्चित आहे. परंतु दररोज किती अध्याय वाचावेत आणि किती महिन्यांत ग्रंथ पुरा करावा, हे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही, आणि ते लिहिलेले असणे शक्यही नव्हते, कारण अध्याय ही सोय मुळी पुष्कळ नंतरची आहे. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताने केली असे मानले जाते, आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. छपाईपूर्वीच्या शतकांत बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या घरी बायबल नव्हतेच. ते उपासनेत ऐकत आणि ऐकलेले मनात घोळवत. मराठीपुरते बोलायचे तर नवा करार १८११ साली विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाला (हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे), आणि १८४७ साली संपूर्ण बायबल मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी होऊन गेलेल्या सर्व ख्रिस्ती माणसांना वर्षभराचा तक्ता पुरा न केल्याचे पाप लागले असे कोणीही म्हणणार नाही. वाचन कायमचे सोडून दिल्याने माणसाची उपासमार होते, ही गोष्ट वेगळी आणि खरी आहे. पण उपाशी माणसाची झडती घ्यायची नसते, त्याला ताट वाढायचे असते.

आपण लेवीयापाशीच का अडता, याचेही उत्तर साध्या गणितात आहे. जुन्या करारात ९२९ आणि नव्या करारात २६०, असे मिळून ११८९ अध्याय होतात. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर ५२ आठवड्यांत ११९६ होतात, म्हणजे सात अध्याय शिल्लकच. हिशेब कागदावर फार सोपा दिसतो. पण पहिल्या पानापासून या गतीने निघालेला वाचक जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात निवासमंडपाच्या मापांत शिरतो आणि महिना संपता संपता लेवीयाच्या दाराशी येऊन उभा राहतो. तोवर नव्या वर्षाचा जोरही ओसरलेला असतो. आपण जेथे थांबता तेथे आपल्याआधी असंख्य वाचक थांबलेले आहेत.

वर्षभराच्या योजनांमध्ये सर्वांत प्रसिद्ध योजना रॉबर्ट मरे मॅकशेन यांची. स्कॉटलंडमधील डंडी येथील या तरुण पाळकाने १८४२ साली ती आपल्या मंडळीसाठी तयार केली. तीत रोज सुमारे चार अध्याय असून वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. आजही पुष्कळ लोक ती मोबाइलवर उतरवून घेतात. परंतु योजनेबरोबर त्यांनी मंडळीला तिचे धोकेही लिहून कळवले होते, तिकडे सहसा कोणी वळत नाही. वाचन निव्वळ उपचार होऊन बसेल, ठरलेला भाग संपवल्याची घमेंड वाटू लागेल, वरवर वाचले जाईल, आणि काहींना ते न पेलणारे जू होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आपली अडचण योजनाकर्त्यालाच आधी दिसली होती.

वेळेबाबत मला एक कबुली द्यायची आहे. आम्ही पाळकमंडळींनी पहाटेच्या वेळेचा इतका आग्रह धरला की पाळीत काम करणाऱ्यांना आपण दुय्यम भक्त आहोत असे वाटू लागले. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू अंधार असतानाच उठून प्रार्थनेला गेला हे खरे आहे, पण लूकाच्या सहाव्या अध्यायात त्याने सबंध रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालवली, हेही तितकेच खरे आहे. आपल्या पाळीला घड्याळ सोयीचे नाही. म्हणून वाचनाची गाठ वेळेशी न बांधता एखाद्या कृतीशी बांधावी. कामावरून परतल्यावर आपण हातपाय धुऊन चहाचे आधण ठेवत असाल. बायबल स्वयंपाकघराच्या फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी ठेवावे, आणि पाणी उकळून चहा मुरेपर्यंत उभ्याउभ्या वाचावे. पाळी बदलली की चहा सरकतो, आणि चहाबरोबर वाचनही सरकते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता; तो २०१० साली प्रसिद्ध झाला. रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडलेली कृती अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागले, मात्र कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला २५४ लागतील असे दिसले. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. (आपल्या बायबलातील पुस्तके ६६ आहेत हा योगायोग आहे, आकड्यांचा नाद असलेल्या वाचकांनी त्यावर प्रवचन तयार करू नये.)

पुन्हा सुरुवात करताना उत्पत्तीच्या पहिल्या पानावर जाऊ नये; ते पान आता आपल्याला मागची तीन वर्षे आठवून देईल. मार्कापासून आरंभ करावा. त्यात १६ अध्याय आहेत आणि घटना एकामागून एक इतक्या झपाट्याने येतात की चहा गार होण्याची भीती आहे. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये ही एकाच लेखकाची दोन पुस्तके जोडीने घ्यावीत. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात फक्त एक स्तोत्र पुरे. ११७वे स्तोत्र दोनच वचनांचे आहे, आणि अंग मोडून आलेल्या सकाळी तेवढेच वाचले म्हणून कमीपणा वाटण्याचे कारण नाही. सुट्टीच्या दिवशी शब्बाथाच्या आदल्या दिवसासारखे दुप्पट घ्यावे, पण ते आवडीने. मागचे फेडण्यासाठी नव्हे.

आणि लेवीय? ते टाकून देऊ नये. पुढे कधी इब्री लोकांस पत्र वाचाल तेव्हा त्याच्या जोडीने घ्यावे, म्हणजे याजक, वेदी आणि रक्त यांची सांगड लागते. आपल्याला तर त्यातला तेरावा अध्याय माझ्यापेक्षा अधिक कळेल. अंगावर चट्टा उठलेला माणूस याजकाकडे आणला जातो. याजक चट्ट्याचा रंग पाहतो, तो कातडीपेक्षा खोल गेला आहे का आणि त्यावरचे केस पांढरे झाले आहेत का, हे तपासतो. निदान पक्के होत नसेल तर त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा पाहतो, आणि चट्टा पसरलेला नसेल तर आणखी सात दिवस थांबतो. घाईने कोणालाही अशुद्ध ठरवायचे नाही, अशी त्या सगळ्या नियमांची धाटणी आहे. वॉर्डात रोगी तपासणीसाठी वेगळे ठेवताना आपण जी नोंदवही भरता, तिच्याशी हा अध्याय ताडून पाहावा. त्यानंतर एकोणिसावा वाचावा. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी उभे ठेवण्याचा नियम आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा, जी प्रभू येशूने पुढे उद्धृत केली, ही दोन्ही त्याच अध्यायात आहेत.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले. घरातील मराठी बायबलची भाषा मला अडते. 'पाचारण', 'नीतिमत्त्व', 'खचीत' असे शब्द आले की मन उडते. म्हणून मोबाइलवर वाचू लागलो, पण मध्येच कोणाचा तरी संदेश येतो आणि वीस मिनिटांनी लक्षात येते की आपण भलतेच काही पाहत बसलो आहोत. ॲपवर माझी सलग ४१ दिवसांची नोंद झाली होती. एका प्रवासात ती तुटली, आकडा शून्यावर आला, आणि त्यानंतर मी वाचलेलेच नाही. इंग्रजीत वाचले तर चालेल काय?

उत्तर : चालेल. ज्या भाषेत तुम्हाला उमगते त्या भाषेत वाचा, त्यात अपराध काहीच नाही. फक्त एक गोष्ट स्वतःशी तपासून पाहा : आई आजारी असताना तुम्ही कोणत्या भाषेत प्रार्थना केलीत? ती मराठी असेल, तर निदान स्तोत्रे मराठीत वाचावीत असे मी सुचवीन, कारण संकटात तोंडी येणारे शब्द त्यांतूनच जमा होतात.

भाषेची तुमची तक्रार नवी नाही. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात तर वाटेत केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हीच तक्रार मनावर घेतली होती. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, परंतु खेड्यातील साध्या बाईला समजावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील मुलींनी व स्त्रियांनी केले. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्यांची सोपी मराठीही आता शंभर वर्षांची झाली आहे, त्यामुळे ती तुम्हाला सोपी वाटेलच असे नाही. अलीकडच्या भाषेत वाचायचे असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' पाहावे. कॅथलिक परंपरेच्या बायबलात ६६ नव्हे तर ७३ पुस्तके असतात, हे तेवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे अनुक्रमणिका पाहून गोंधळ होणार नाही.

मात्र अडलेला प्रत्येक शब्द शत्रू नसतो. 'मी तुम्हांस खचीत सांगतो' या वाक्यात मूळ ग्रीक ग्रंथात कोणता शब्द आहे, ठाऊक आहे? 'आमेन'. आपण प्रार्थनेच्या शेवटी जो शब्द म्हणतो तोच प्रभू येशू आपल्या वाक्याच्या सुरुवातीला म्हणत असे, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर तो दोनदा येतो, म्हणून तेथे 'खचीत खचीत' असे दुहेरी आहे. हे एकदा कळले की तो जुनाट शब्द पुन्हा आडवा येत नाही. 'पाचारण' म्हणजे बोलावणे. 'नीतिमत्त्व' जरा खोल पाणी आहे. ते रोमकरांस पत्राच्या ओघातच कळेल, शब्दकोशाने नाही. वहीच्या शेवटच्या पानावर असे वीस-पंचवीस शब्द लिहून घेतलेत तर निम्मी अडचण सरेल.

मोबाइलबद्दल माझे मत जुन्या माणसाचे आहे, पण सांगतो. ज्या यंत्रात बँक, कचेरी, मित्र आणि क्रिकेट एकत्र नांदतात, त्या यंत्रात एकाग्रता मागणे म्हणजे लग्नघरात झोप मागण्यासारखे आहे. प्रवासात मोबाइल उपयोगी आहे, तेव्हा तो 'एअरप्लेन मोड'वर टाकून वाचावे. घरी मात्र कागदाची प्रत आणि एक पेन्सिल असावी. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला, ही हकीकत आपल्या मंडळ्यांत सर्वांना माहीत आहे. पेन्सिलीने खुणा करत तो वाचून काढायचा, असे टिळकांनी ठरवले होते. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांना पुढे जाववेना, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी त्या आठवड्यात किती अध्याय संपवले, हे कोणी विचारले नाही.

तुमच्या ४१ दिवसांचे मला वाईट वाटले नाही, हे स्पष्ट लिहितो. तो आकडा तुमच्या वाचनाचा नव्हता, ॲप उघडल्याचा होता. माझ्या आईच्या बायबलात दुसऱ्या प्रकारच्या नोंदी आहेत. बेचाळिसाव्या स्तोत्राच्या समासात तिने बारीक पेन्सिलीने सात तारखा घातल्या आहेत. पहिली १९७२ची, दुष्काळाच्या वर्षातली, आणि शेवटची तिच्या मृत्यूच्या चार महिने आधीची. एका तारखेपुढे 'धाकट्याचा ताप' असे लिहिले आहे. तो धाकटा म्हणजे मी. दोन तारखांच्या मध्ये एके ठिकाणी नऊ वर्षांचे अंतर आहे. त्या नऊ वर्षांत ती वाचत नव्हती असे नाही. ती त्या पानावर पुन्हा आली, एवढेच त्या तारखेतून कळते. तुम्हीही आकडा ठेवायचाच असेल तर असा ठेवा.

प्रश्न : वय ७८, राहणार जालना. मधुमेहामुळे दृष्टी जवळपास गेली आहे. पन्नास वर्षे रोज सकाळी बायबल वाचत आलो. मुलगा मोबाइलवर बायबल लावून देतो, ते ऐकताना डुलकी लागते आणि हे खरे वाचन नव्हे असे मनात येते. घरी सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना होते, तीत सून वाचते. तेवढ्यावर समाधान मानावे काय?

उत्तर : आदरणीय बंधू, प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात तिसऱ्या वचनात वाचून दाखवणारा एक आणि ऐकणारे अनेक, असे दोन्ही धन्य म्हटले आहेत. पहिल्या शतकातील मंडळीत एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, हीच रीत होती, म्हणून ऐकण्याला कमी लेखू नये. आपण पहिल्या स्तोत्रात 'मनन' हा शब्द वाचत आलात; त्या जागी मूळ हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ हळू आवाजात पुटपुटणे असा होतो. यशयाच्या पुस्तकात हाच शब्द पारव्याच्या घुमण्यासाठी आणि भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठीही आला आहे. म्हणजे मनन हे डोळ्यांचे काम नसून ओठांचे आणि घशाचे आहे, आणि पन्नास वर्षांच्या वाचनानंतर आपल्या ओठांवर पुष्कळ साठले असणार.

डुलकीचे कारण बहुधा असे की ध्वनिमुद्रित आवाज थांबत नाही. तो आपल्यासाठी मागे येत नाही आणि विचारलेले सांगत नाही. मुलाला एका वेळी एकच अध्याय लावायला सांगावे आणि तो संपल्यावर यंत्र बंद करून त्यातले जे वचन आठवेल ते स्वतः मोठ्याने म्हणावे. घरात शाळेत जाणारे नातवंड असेल तर त्याच्याकडून दहा मिनिटे वाचून घ्यावे. तो अडखळेल, 'नबुखद्नेस्सर' म्हणताना हसेल, आणि आपल्याला त्याला नाव सांगावे लागेल. म्हणजे झोप तर येणार नाहीच, शिवाय त्याचेही वाचन होईल. सायंकाळच्या प्रार्थनेत सून वाचते ती सर्वांची उपासना झाली. सकाळची ही दहा मिनिटे आपली दोघांची.

प्रश्न : आमच्या मंडळीत नववर्षाच्या उपासनेत प्रत्येकाला एक वचनकार्ड मिळते. मला यंदा यिर्मया २९:११ मिळाले. मी रोज तेच वाचते, आणि कधी डोळे मिटून बायबल उघडून जे वचन बोटाखाली येईल ते त्या दिवसासाठी घेते. हे नियमित वाचनच झाले ना?

उत्तर : भगिनी, बोटाखालच्या वचनाने कधी कोणाला मार्ग दाखवला नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत, पुढे थोर धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीनने पुस्तक उघडले, पहिल्यांदा दृष्टीस पडलेला रोमकरांस पत्रातील उतारा वाचला आणि त्याचे आयुष्य पालटले. परंतु त्याने ते एकदाच केले. त्यानंतर जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे तो शास्त्र ओळीने, पुस्तकामागून पुस्तक असे अभ्यासत आणि शिकवत राहिला.

कार्डावरचे वचन उत्तम आहे. आता तो सबंध अध्याय वाचावा. ते एक पत्र आहे. यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पाठवलेले. हिताचे संकल्प आणि आशा यांविषयीचे अकरावे वचन येण्यापूर्वी, पाचव्या आणि सहाव्या वचनांत त्या लोकांना परक्या देशातच घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, असे सांगितले आहे. आणि दहाव्यात परत येण्याची मुदत दिली आहे, ती सत्तर वर्षांची. म्हणजे ज्यांनी हे पत्र स्वतःच्या कानांनी ऐकले त्यांतील बहुतेकांना पुन्हा यरुशलेम दिसले नसणार, आणि तरीही ते वचन त्यांनाच दिलेले होते. कार्डाची मागची बाजू कोरी असेल तर तेथे पाचवे आणि दहावे वचनही पेन्सिलीने उतरवून ठेवावे, आणि उद्या तिसाव्या अध्यायाकडे वळावे.